सात जादूगारांचं सरकार

४ मार्च

ती. ताईस,
बोक्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र उघडण्याआधी बसून घे. (हे वाक्य तू पत्र उघडल्यावरच वाचणार, हे आत्ता लक्षात आलं. राहू दे.) परवा सकाळी साडेदहा वाजता आम्ही सात जादूगारांनी शहराचा कारभार ताब्यात घेतला. तुझा धाकटा भाऊ आता कायदामंत्री आहे.

लोक कायम एकच कोडं घालायचे, आठवतं ना? ज्यांना ढग सरकवता येतात, पूल तोलून धरता येतात, ते साध्या दाखल्यासाठी खिडकीपुढे रांगेत का उभे राहतात, राज्य का करत नाहीत? खरं उत्तर एवढंच की आम्हाला कधी वेळ मिळाला नाही. दार उघडलं की समोर माणसं. कुणाची गळकी गच्ची, कुणाचं हरवलेलं मांजर, कुणाचा न बोलणारा जावई. आणि आमच्या जादूची गोम तुला ठाऊक आहे. ज्याचं काम त्यानं स्वतःहून, मनापासून मागितल्याशिवाय आमच्या हातून काडी हलत नाही. स्वतःसाठी तर मुळीच नाही. गेल्या महिन्यात आमच्या ढगवाल्या बाई म्हणाल्या, की जन्मभर लोकांच्या सांगण्यावर नाचलो, आता थोडं लोकांना सांगू या. सगळ्यांना पटलं.

लढाई वगैरे काही झाली नाही. नगरप्रमुखांनी किल्ल्या काढून दिल्या, कुठला खण अडकतो तो ओढून दाखवला, कुंडीला एक दिवसाआड पाणी घाला म्हणाले आणि शीळ वाजवत घरी गेले. शंका तेव्हाच यायला हवी होती. पहिला आठवडा बसायचं कुणी कुठे यात जाणार असं दिसतंय, कारण टेबलाभोवती खुर्च्या सहाच आहेत. सातवी एकमेकांकडे मागितली तर चुटकीसरशी होईल, पण मागायचं कुणी? प्रत्येकाला कमीपणा वाटतो. पूलवाले काका सध्या स्टुलावर बसून राज्य करतात.

आता मुद्द्याचं. ताई, सारं गाव माझ्याकडे काही ना काही मागून गेलं, तू आजवर पाण्याचा पेलाही मागितला नाहीस. आता तर मी सरकार आहे. काहीतरी माग. आणि तुझ्या पत्रातल्या ओळी अलीकडे उतारावरून घसरल्यासारख्या का येतात? गेल्या खेपेला शेवटच्या तीन ओळी कागद सोडून बहुतेक टेबलावर गेल्या.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, मंत्री झालो म्हणून त्यात कपात करू नये.

तुझा,
बोका


११ मार्च

चि. बोक्यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र बसूनच वाचलं, कारण मी पुस्तकं शिवायला बसलेलीच असते. तुझं मंत्रिपद ऐकून तुझे भावोजी रंध्याखालची फळी सोडून दारात जाऊन उभे राहिले, कुणी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही, तेव्हा त्यांनीच दोघातिघांना थांबवून सांगितलं.

आता माझं मत. तू मागितलेलं नाहीस, तरी देते. तुमच्यासारख्यांना राज्य जमायचं नाही. ज्याला हातानं काम करता येतं त्याला बैठकीत झोप येते, आणि ज्याला बैठकीत झोप येत नाही त्याच्याच हाती कारभार राहतो. नगरप्रमुखांना ढग सरकवता येत नसेल, पण नको त्या माणसाला अर्धा तास गोड बोलून रिकाम्या हातानं परत पाठवता येतं. तुला ते येतं का? तू तर मांजर शोधून द्यायला तीन दिवस गच्च्यांवर फिरला होतास आणि वर मांजराचीच माफी मागून आला होतास.

इकडे सारं ठीक. शाळेच्या नकाशांच्या पुस्तकांचं काम आलंय, साठ प्रती. त्यातल्या अकरांना मी पुठ्ठा उलटा चढवला. मुख्याध्यापिका भल्या आहेत. त्या म्हणाल्या, की मुलं तशीही पुस्तक उलटंच धरतात. खळ जरा घट्ट झाली होती, त्या नादात झालं असेल.

ओळींचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय आखूड आहे. घरात सुतार असला की असंच व्हायचं. मला काही नको. दोन वेळा नीट जेव, आणि त्या काकांना खुर्ची दे आधी.

माया आहे तेवढीच आहे, तुझ्या हुद्द्यानं वाढणार नाही.

तुझी,
ताई


१७ मार्च

चि. मेहुण्यास,
भावोजींचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लाकडाच्या वखारीत बसून लिहितोय, कारण घरी लिहिलं तर पकडला जाईन. आधी टेबलाचा खुलासा. माझ्या टेबलाचे चारी पाय सारखे आहेत. वाटल्यास येऊन मोजून घे. माझ्या कामावर घेतलेला आळ मी मुकाट्यानं सोसला, त्याचं कारण पुढे आहे.

तुझ्या ताईला दिसेनासं होत चाललंय. गेल्या वर्षापासून. आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी पहाटे उठून बारा दाभणांत दोरा ओवून गादीला टोचून ठेवतो. ती उठते, एकेक दाभण उचलते आणि शिवत बसते. ती समजून न समजल्यासारखं करते, मी करून न केल्यासारखं. दोघंही मोठे नट झालोत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार शस्त्रक्रियेचा नाही, आणि वर्षअखेरीला उजेड-अंधारापलीकडे काही कळणार नाही. शिवणकाम गेलं तर ती कशी राहील, हे तू मला विचारू नकोस.

मी तिला म्हटलं, की सख्खा भाऊ जादूगार आहे, एक शब्द टाक. ती म्हणाली, सगळ्यांनी टाकलेत, मी टाकणार नाही. पुढे त्या दिवशी भाजीत मीठही पडलं नाही, म्हणून मी विषय वाढवला नाही. मी तिच्यासाठी मागून चालत नाही हे मला ठाऊक आहे. चाललं असतं तर केव्हाच तुझ्या दारात येऊन बसलो असतो. तू कायद्याचा मंत्री आहेस म्हणे. बघ काही कायदा होतो का.

हे पत्र वाचून फाडून टाक. माझ्यावर लोभ ठेव आणि तिच्यापासून मला वाचव.

तुझा,
भावोजी


२६ मार्च

ती. ताईस,
बोक्याचा सा. न. वि. वि.

आमच्या सरकारचा पार विचका झाला आहे आणि दोष संपूर्ण माझा आहे. सविस्तर सांगतो.

एकोणीस तारखेला मी कायदा आणला. यापुढे कुणी काही मागायची गरज नाही. ज्याला गरज आहे त्यानं मागितलं असंच धरलं जाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढगवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आता दारात रांग नाही.

खरंच रांग राहिली नाही. सरकार आपणहून करणार म्हटल्यावर लोकांनी मागणं बंद केलं, आणि त्याच दुपारी आमची जादू बंद पडली. सगळ्यांचीच. ढगवाल्या बाई दोन तास गच्चीत हात वर करून उभ्या होत्या. ढग तसूभर हलला नाही, बाईंचं नाक मात्र उन्हानं सोललं. आमच्यातल्या एका मांजरं शोधणाऱ्याला स्वतःचा चष्मा सापडेना. पूलवाल्या काकांच्या हातून पूल सुटला, नशिबानं पुलावर फक्त ते स्वतःच होते. गुडघाभर पाण्यातून चालत बैठकीला आले आणि स्टुलावर बसले.

मग आम्ही कायदा मागे घेऊन दवंडी पिटली की कृपया मागा. लोक आले. पण सरकारकडे आल्यासारखे आले. कुणी भीत भीत, कुणी हार घेऊन, कुणी माझा हक्क आहे म्हणून मूठ आपटत. त्यातलं एकही लागू पडलं नाही. मोठ्या गोदामवाल्यानं तर आमची इतकी स्तुती केली की माझे हातच गार पडले. बाकी शहराचं काही अडलेलं नाही. लोकांनी जुन्या होड्या बाहेर काढल्यात, गच्च्यांना डांबर लावलंय, आणि संध्याकाळी घाटावर बसून ते आमच्या नकला करतात. माझी नक्कल बरी होते, मी पाहून आलो.

आता खरं. मी खुर्चीवर बसलो तो त्या एका कायद्यासाठी. म्हणजे बसलो तेव्हा मौज म्हणून, पण भावोजींचं पत्र आलं आणि मला दुसरं काही सुचेना. (त्यांना रागावू नकोस. टेबलाचे पाय सारखे आहेत.) ताई, तुझे डोळे मी बरे करू शकतो. माझ्या हातात ते आहे आणि मला ते करता येत नाही, कारण तू मागत नाहीस. तू मागितलंस असं मी कायद्यानं धरायला गेलो आणि अख्ख्या शहराची जादू घालवली. मला नेहमी वाटायचं, सगळ्यांना मी हवा असतो, एक तुलाच नको असतो. आज लिहून टाकलं. राग आला तर येऊ दे.

सरकारवरचा लोभ गेला असेल तर हरकत नाही, भावावरचा शिल्लक असावा.

तुझा,
बोका


३ एप्रिल

चि. बोक्यास,
ताईचे अ. उ. आ.

हे पत्र मी सांगतेय आणि तुझे भावोजी लिहितायत. शिक्षा म्हणून. त्यांच्याबद्दल मी जे बोलले तेही त्यांना लिहायला लावणार होते, पण ते म्हणतात, एवढा कागद नाही.

तुझ्या काकांचा पूल ऐकून मी हसता हसता खळीचं भांडं सांडलं. मग तुझं पुढचं वाचून घेतलं आणि हसू गेलं.

तू नऊ वर्षांचा होतास. शेजारच्यांचा आटलेला हौद तू भरून दिलास आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात चाळीस माणसं उभी. आईबाबा नव्हते, मी एकोणीस वर्षांची. मी उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, पोराचं जेवण होऊ दे, अभ्यास होऊ दे, मग बघू. लोक मला काय काय बोलले ते जाऊ दे. त्या दिवशी मी ठरवलं, की जगात एक तरी माणूस याला असं हवं की ज्याला याच्याकडून काहीही नको. ज्याच्याकडे हा नुसता येऊन लोळेल. ते माणूस मी व्हायचं ठरवलं. मला तू नको होतास असं नाही रे. मला नुसता तूच हवा होतास. हे तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं. सुतारांच्या घरी फार बोलायची सवय राहत नाही.

आता तुमच्या सरकारचं. लोकांनी मागितलेलं का लागू पडलं नाही यावर तुम्ही सात शहाणे बैठका घेत बसला असाल. अरे, वर बसलेल्याकडे मागितलं की ती याचना होते, नाहीतर भांडण. नुसतं मागणं बरोबरीच्याकडे होतं. शेजाऱ्याकडे, बहिणीकडे, रस्त्यात भेटलेल्याकडे. तुम्ही लोक राजे का होत नाही याचं कोडं लोक उगाच घालतात. झालात की तुम्ही जादूगार राहत नाही, एवढंच आहे ते. त्या नगरप्रमुखांना शोधून किल्ल्या परत द्या. नको म्हणतील. कुंडी जगली आहे असं सांगा, कदाचित येतील. आणि तू खुर्चीवरून उठल्याशिवाय इकडे येऊ नकोस, मंत्र्याला बसवायला आमच्याकडे जागा नाही.

इथून पुढचं मी स्वतः लिहिणार आहे. भावोजींना मी अंगणात पाठवलंय.

माझा जीव तुझ्यावर आहे, हे एकदा लिहून ठेवते.

तुझी,
ताई

ता. क. ओळ वाकडी जाईल, सांभाळून वाच. बोक्या, मला नीट दिसत नाही. मला भीती वाटते. मला शिवायचंय, आणि तुझं तोंड बघायचंय. माझे डोळे बरे कर. मी मागतेय.