उबेचा बंदोबस्त

कोन्स्तान्सा, ९ जानेवारी

चि. मेलानियास ताईचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची फेलिसिया! माझ्या नातीची बस वळणावर दिसली न दिसली, ही बाई स्वागताला हजर. आणि मी? माझ्याच घरात अडकलेली.

झालं असं. युदेल्का आणि तिचा रुबेन राजधानी सोडून बिऱ्हाड कुठं करायचं ते बघताहेत, माझ्याकडे डोंगरात की तुझ्याकडे समुद्रकाठच्या भट्टीत, हे तुला ठाऊकच. पणतू माझ्या डोळ्यांसमोर रांगावा म्हणून ती यायच्या दिवशी मी सकाळपासून उबेचा बंदोबस्त केला. कॉफी भाजली, झाडून सगळ्या चादरींवर निखाऱ्याची इस्त्री फिरवली. आमच्याकडची थंडी ही नुसती अफवा आहे, असं त्यांना वाटायला हवं होतं! पण इस्त्री करून तापलेल्या अंगाने गार वाऱ्यात गेलं की तोंड वाकडं होतं, हे आपल्या आईनेच शिकवलंय. मग दार कसं उघडू? आतून ओरडले, थांबा गं, अंग निवू दे. ती तिघं बाहेर कुडकुडताहेत, आणि फेलिसिया हौसेने सांगतेय की रात्री दंव गोठून तिच्या बटाट्याची पानं करपली. बाळाचं नाक गळायला लागलं तशी तीच त्यांना आपल्या चुलीपाशी घेऊन गेली. माझा पणतू मी पहिल्यांदा पाहिला तो खिडकीच्या फटीतून!

आज ती तुझ्याकडे निघालीत. फार लाड करू नकोस. तुझा माझ्यावर लोभ आहेच, त्यात तुझं ऊन तेवढं मिसळू नकोस.

तुझी ताई,
एदुविहिस


आसुआ, १७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

बाळाला लोकरीत इतकं गुंडाळून पाठवलंस की बसमधून उतरेपर्यंत अंगभर घामोळं! मीही काही कमी नाही. समुद्राचा वारा खा म्हणून त्यांना ओसरीत जेवायला बसवलं, तर त्या वाऱ्याने अख्ख्या गावाची धूळ केळ्यांच्या भाजीत आणून टाकली. रुबेन दुपारभर पाण्याच्या पिंपाला चिकटून. मी म्हटलं, बाबा, रेडिओ दुरुस्तीची टपरी इथंच टाक. तर म्हणतो, मावशीआजी, थंडीत अंगावर चढवता येतं, उन्हात तुमच्यासमोर काढू तरी किती? हसले खरी, पण मनात चरकलेच. काल गेले. कुठं राहणार, त्याचा चकार शब्द नाही.

तुझं तोंड सरळ आहे ना? धाकटीवरची माया आटू देऊ नकोस, इथं विहिरी आटतात तेवढं पुरे.

तुझी,
मेलानिया


कोन्स्तान्सा, २४ जानेवारी

चि. मेलानियास अ. आ.

काल इस्त्री करत होते, अंग नुसतं तापलेलं, आणि दारावर थाप! बाहेरून युदेल्का म्हणते, आजी, सावकाश होऊ दे, आम्ही फेलिसियाकडे थांबतो. पुन्हा फेलिसियाकडे? इस्त्री आदळली आणि दार सताड उघडलं. गार वारा थेट तोंडावर! बाळाला तिच्या हातातून ओढूनच घेतलं. मग म्हणाली, आजी, आम्ही इथंच राहणार, फक्त आमच्यासाठी इस्त्री करत बसू नकोस.

तेव्हापासून फेलिसिया येऊन येऊन माझं तोंड निरखतेय. म्हणते, वाकडं झालंय. झालंय बाई, हसून हसून! सरळ व्हायचं नावच घेत नाही.

तू रुसू नकोस. आंबे घेऊन ये, घोंगडी माझी. भांडण्याइतकी माया राहू दे.

तुझी ताई,
एदुविहिस

ता. क. आज सामान आणायला गेलेत. पलंग, शिलाईचं मशीन आणि बाळ घेऊन कांदेलारिया मातेच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, परत येतो म्हणालेत.