सोनपेठच्या गल्लीतला धूर

मंगळवार, जानेवारी. संध्याकाळ.

परभणीत थंडी ओसरली. वेधशाळेतल्या निरीक्षकांनी दुपारी दुजोरा दिला. बातमी पाठवली आणि लगेच सुनंदाला फोन केला. तीन आठवडे झाले, बायको सोनपेठला, दम्याने बेजार झालेल्या तिच्या आईजवळ. म्हटलं, आता ये.

"तुमची बातमी आमच्या गल्लीत पोचली न्हाई," ती म्हणाली. "इथं नदीकाठच्या खोलगटात लय गार हाय. चुलींचा धूर वर जाईना, आई खोकायलीय. कशी येऊ?"

धूर. इतकी वर्षं शहराचा आकडा जिल्ह्याचा म्हणून छापत आलो, आणि एक गल्लीसुद्धा त्यात बसत नाही? निरीक्षकांना पुन्हा विचारलं. म्हणाले, आभाळ निरभ्र, वारा नाही. रात्री जमीन निवते, गार हवा खोलगटात साचते आणि वरच्या उबदार हवेखाली धूर अडकतो. पश्चिमेकडून ढग येतायत, ते आले की सुटेल.

म्हणजे पार इराणकडून येणाऱ्या ढगांची मी बायकोसाठी वाट बघतोय. या वयात. तिला सांगितलं नाही, हसली असती. हल्ली फोन आधी कोण ठेवणार म्हणून दोघंही थांबतो.

ढग गुरुवारी मराठवाड्यावर येतील असा अंदाज. त्या रात्री आईला नीट झोप लागली, तर शुक्रवारी दुपारच्या एसटीने सुनंदा निघेल.