पाच नंबरची नळी

ता. ९ एप्रिल
तेलगावच्या दूध संस्थेत बॅटरी बसवली. सहा घट, प्रत्येकात आमच्या कॉलेजच्या भट्टीत भाजलेली पांढरी नळी. तिच्या एका बाजूला वितळलेलं सोडियम, दुसऱ्या बाजूला वितळलेलं मीठ. दोन्ही थेट भेटू नयेत हेच तिचं काम. मडकं तपासतात तशी टिचकी मारून पाहिली. पाच नंबरचा आवाज जरा बद्द. दुसरी तयार नव्हती, उद्घाटन ठरलेलं. घेतली.
शीतकेंद्र सांभाळणाऱ्या अंजनाबाईंना सूचना समजावल्या. चहा. परत.

ता. २ मे
काल पाच तास वीज नव्हती. दूध नासलं नाही. संस्थेचे सचिव रंगनाथराव फोनवर, "सर, लई भारी काम झालं." बरं वाटलं. जरा जास्तच.

ता. १७ मे
बॅटरी बंद. परवा दुपारी टँकर आला. हौदाची मोटर आणि बॅटरीचा हीटर एकदम लावले की फ्यूज उडतो. जनावरं तहानलेली. अंजनाबाईंनी हीटर काढला, तो थेट काल सकाळी परत लावला.
"एवढ्या उन्हात हीटर कावून, म्हनलं. मला वाटलं हिवाळ्याचा हाय."
रंगनाथराव हसले.
हीटरच्या उष्णतेनंच आतलं मीठ वितळलेलं राहतं. तेवढ्या वेळात ते गोठलं असणार. गोठलं की नळीवर ताण.

ता. २० मे
घट उघडले. बाकीच्या नळ्या शाबूत. पाच नंबरला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर.
गोठल्यामुळे गेली म्हणावं, तर बाकीच्याही गोठल्याच होत्या. पण हीटर चालू राहता तर कदाचित हीही...

ता. २१ मे
रंगनाथराव : "बाईनं हीटर काढला म्हणून गेली, असं अहवालात लिहा. मॅटर मिटतं."
मिटतं म्हणजे संस्थेचं संचालक मंडळ पुढच्या बॅटरीला मंजुरी देईल आणि अंजनाबाईंना कामावरून काढील. नळीच कच्ची होती असं लिहिलं तर मंजुरी विसरावी. सात वर्षं त्या भट्टीपाशी गेली माझी.
त्यांचं वाक्य खोटं नाही. तेच अवघड.

ता. २३ मे
तेलगाव. अंजनाबाई दुधाचे कॅन राखेनं घासत होत्या. धुवायला बादलीभर पाणी, तेवढ्यात सगळे. विचारलं, हीटर काढू नका असं मी बजावलं होतं का?
"बजावलं असंल. मला ध्यानात न्हाई. तुमी रोजचं लिवून ठिवता म्हनं. बघा की त्यात. लिवलेलं असंल तर चूक माझी."
घरी येऊन पाहिलं. 'सूचना समजावल्या. चहा. परत.' कोणत्या सूचना, ते नाही. वरच्याच परिच्छेदात मात्र पाच नंबरचा बद्द आवाज स्पष्ट लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात.

ता. २५ मे
उद्या मंडळाची बैठक. अहवालात 'कारण' या रकान्यात दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. नळी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. हे लिहून झालं की वहीही तिच्याशेजारी ठेवायची. तिथं बाहेर काढीन का, सांगवत नाही. ९ एप्रिलच्या पानात खूण तेवढी घातली आहे.