मनकर्णा भांडायची का थांबली

सिल्लोडमुक्कामी आमचे थोरले साडू आप्पासाहेब यांना गारखेड्याहून गोकुळचा वाकून नमस्कार.

प्रेम म्हणजे काय, एवढं एक विचारायला मला जो खर्च आला तो आधी सांगतो. तत्त्वज्ञानापायी गेली एका पाणबुडी मोटारीची मजुरी, तारेसकट. मानसशास्त्रापायी आठशे रुपये रोख, पाऊण तास, आणि वर मला रडायला सोपं जावं म्हणून पुढ्यात ठेवलेला कागदी रुमालांचा डबा (दोन घेतले, हाताचं ग्रीस पुसलं). एवढं करून उत्तर मिळालं नाय ते नायच.

तुमचे गुडघे कसे आहेत? मका विकला का ठेवला? भागूबाईंचा बीपी? सगळं खुशाल आहे असं धरून चालतो, कारण मला माझ्याच घरातलं सांगायचंय. फोन केला असता, पण तुमचा फोन भागूबाई उचलतात, आणि त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या मनकर्णाला, चहा उकळायच्या आत कळते. म्हणून ही चिठ्ठी दुरुस्त होऊन तुमच्याकडं निघालेल्या पाण्याच्या मोटारींबरोबर टेम्पोत देतोय.

तर मुद्दा असा की मनकर्णा भांडायची थांबली आहे. हसू नका. एकतीस वर्षं ही बाई स्वयंपाकघरातून माझा उद्धार करत आली, मी बाहेरच्या खोलीतून उत्तरं देत आलो, आणि त्यावर आमचा संसार धडधाकट चालला. दिवाळीपासून स्वयंपाकघर गप्प. काही सांगायचं असलं की बाहेर येते, समोर उभी राहते, माझ्या कोपराला हात लावते आणि मग बोलते. कोपराला हात, आप्पासाहेब! लग्नात हातात हात द्यायची वेळ आली तेव्हा मेहंदी खराब होईल म्हणून हिनं बोटं आखडून घेतली होती. जेवायला पूर्वी माझ्या उजवीकडं बसायची, आता ताट उचलून डावीकडं. झोपायची बाजूसुद्धा बदलली. भागूबाईंशी फोनवर बोलायची तेव्हा करमाडपर्यंत ऐकू जायचं. आता माझ्यापासून दोन हातांवर बसून नुसते ओठ हलवते. माणूस उगाच चांगलं वागत नसतं. एक तर हिला काहीतरी पाहिजे, नाहीतर माझा कसला तरी रिपोर्ट हिच्या हाती लागलाय आणि माझे दिवस भरलेत.

हे मी हेरलं ते कानाच्या जोरावर. तुम्हाला ठाऊक आहे, जालना रोडच्या दुकानात तारेच्या पोत्यावर झोपून मी मोटारी दुरुस्तीचं काम शिकलो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला. बेअरिंग गेलंय का बुश, न खोलता सांगतो. असा कान (नजर लागू नये) गारखेड्यापासून शेंद्र्यापर्यंत दुसऱ्याला नाही. मोटारीचा आवाज बदलला की समजावं, आत काहीतरी जळतंय. बाईचंही तसंच.

पहिल्यांदा इब्राहीम सरांना धरलं. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेत, बोअरची मोटार जळाली म्हणून दुकानात आले होते. विचारलं, सर, बायको एकाएकी माया करायला लागली तर काय समजायचं? सरांनी स्टुलावर बसून चष्मा पुसला आणि म्हणाले, "गोकुळसेठ, जिथं मागणं नसतं, तिथंच मोहब्बत असते." वाक्य इतकं भारी की मजुरी मागायची लाज वाटली. (काही न मागणारा त्या दिवशी मी एकटाच होतो, हे मागून लक्षात आलं.) घरी येऊन परीक्षा घेतली. मनकर्णा, तुला माझ्याकडून काय पाहिजे? तिनं कोपराला हात लावला अन् म्हणाली, "दळण आणा." म्हणजे मागणं निघालं. म्हणजे तत्त्वज्ञानाप्रमाणं प्रेम नाय. पण दळण ती लग्न झाल्यापासून मागते. मग एकतीस वर्षं चाललं होतं काय? सरांना पुन्हा गाठलं तर म्हणाले, "हा सवाल पहिल्यापेक्षा चांगला आहे," आणि जमलं तर पाईपची गळतीही बघून जा म्हणाले.

मग आफरीन मॅडम. मानसशास्त्र शिकलेल्या, आमच्याच भागात समुपदेशनाला बसतात. सगळं ऐकून मलाच विचारतात, "काका, लहानपणी घरात तुमच्याशी मायेनं कोण बोलायचं?" म्हटलं, मॅडम, बिघाड मोटारीत आहे, तुम्ही माझी विहीर कशाला उपसता? हसल्या. म्हणाल्या, "बरं, तुम्ही काकूंचं ऐकता का?" मला, आप्पासाहेब, मला विचारलं हे! मी स्क्रूड्रायव्हरचं सगळं सांगितलं. तरी त्यांचं एकच, "आज घरी पंधरा मिनिटं काही न बोलता त्यांचं नुसतं ऐका."

ऐकलं. मोबाईलवर वेळ लावून बसलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून लसूण सोलत होती. पंधरा मिनिटांत अवाक्षर नाही. शेवटी पदरानं डोळे पुसले. आता लसणानं कुणाचे डोळे भरत नाहीत, एवढं मलाही कळतं. तेव्हापासून माझ्यामागं दुकान कुणी बघायचं याचा विचार चालू आहे.

माझं मत विचाराल तर तत्त्वज्ञान प्रेम कसं असावं ते सांगतं, मानसशास्त्र ते कधी बिघडलं ते विचारतं. ताट डावीकडं का गेलं, ते दोघांनाही सांगता येईना. मोठ्यांना दंडवत, लहानांचे गाल ओढा.

तुमचा
गोकुळ

ता.क. खरं काम पुढंच आहे. भागूबाईंना सहज म्हणून विचारा, मनकर्णाला काही पाहिजे आहे का मी मरतोय. पहिलं असेल तर जे म्हणेल ते देऊन टाकतो. दुसरं असेल तर टेम्पोवाल्याबरोबर नुसतं "दुसरं" एवढंच लिहून पाठवा.

ता.क. २. चिठ्ठी टेम्पोत गेलीच नाही. शर्ट धुवायला काढताना खिशात सापडली आणि मनकर्णानं वाचली. समोर आली, कोपराला हात लावला आणि अशी ओरडली की शेजारच्या कडूबाई जिन्यात आल्या (लई बरं वाटलं). "अवो, त्याच पंधरा मिनिटांत समदं सांगितलं की मी! भागूअक्काला विचारून कानाचा डॉक्टर हुडकला, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून माझं डोळं भरून आलं, आन् तुम्ही मोबाईल बघून उठून गेलात!" उजवीकडून बोललेलं मला पोचत नाही हे तिनं दिवाळीतच ओळखलं होतं. स्वयंपाकघरातून ओरडावं आणि माझं उत्तरच आलं नाही तर गोकुळसेठ बहिरे झाले हे सगळ्या गल्लीला कळेल, म्हणून बाजू बदलत राहिली.

काल दोघं जाऊन डॉक्टरला दाखवून आलो. मशीन लावून तपासलं. डाव्या कानाला निम्मं ऐकू येतं, उजव्याला काहीच नाही.