एकशे चौसष्ट फोटो आणि एक खुंट

मी, झोरा उर्बास, माहेरची शेगा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार पोडस्काला, सरोवराकाठचे शेवटचे घर, स्लोव्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि कॉफी पिऊन लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला बघूनही ज्याला शंका येईल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून बघावा, मात्र लवकर यावे. कारण त्याच डॉक्टरीणबाई माझ्या छातीची चित्रे उजेडात धरून म्हणाल्या, "गवताच्या कापणीपर्यंत बघू या, आजी." मी विचारले, "कुठल्या वर्षीच्या?" त्या हसल्या नाहीत, तेव्हा घरी येऊन कागद काढला.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणायचा तो एकटा माझा नवरा येर्नेय, तेही सूपमधल्या मिठावरून. तो एकोणीस वर्षांपूर्वी गेला.

कलम १. हे मृत्युपत्र मी मरेपर्यंत कोणीही वाचू नये. तिल्का, विशेषतः तू. तिल्का म्हणजे माझा धाकटा भाऊ पोल्दे याची मुलगी. रोज सकाळी येते, चूल पेटवते, फरशी पुसते, आणि पुसता पुसता टेबलावरचा कागदन् कागद वाचून काढते. पोरगी गुणाची आहे, पण गुपित तिच्या पोटात ठेवणे म्हणजे चाळणीत दूध ठेवणे.

कलम २. राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, तिल्काला. छप्पर उत्तरेच्या बाजूला गळते, तेही तिलाच. मांजर घरासोबत जाईल. मांजराने तिल्काला अजून मान्यता दिलेली नाही, पण मासे कोण देतो हे कळल्यावर ते तत्त्वे बदलते.

कलम ३. सदतीस वर्षे मी गावात फोटोचे दुकान चालवले. लग्ने, पासपोर्ट, पोरांची बारशी. दुकानातला रंगवलेला धबधब्याचा पडदा अग्निशामक मंडळाच्या सभागृहाला द्यावा. त्यांच्या वाद्यवृंदामागे काहीतरी वाहते दिसले तर लोकांचे लक्ष संगीतावरून उडेल, आणि सगळ्यांचेच भले होईल.

कलम ४. कॅमेरा आणि तिपाई तिल्काला. ती मोबाइलवर मिनिटाला चाळीस फोटो काढते आणि एकही बघत नाही, असे मी तिला कायम टोचत आले. हे टोचणे मी या मृत्युपत्राद्वारे मागे घेत आहे. त्याचे कारण कलम सहामध्ये येईल.

कलम ५. आता फोटो. सरोवरावर उतरणाऱ्या उतारावर एक सपाट दगड आहे. त्या दगडावर तिपाई ठेवून, वर्षातून चारदा, चर्चच्या ऋतुबदलाच्या चार उपवासांना, ज्यांना आम्ही क्वात्रे म्हणतो, मी एकेक फोटो काढला. पहिला १९८४च्या हिवाळ्यात, शेवटचा यंदाच्या शरदात. एकूण एकशे चौसष्ट. उपवासाचाच दिवस का, असे येर्नेयने विचारले होते. मी म्हटले, "त्या दिवशी स्वयंपाक नसतो, हात मोकळे असतात." 

आमचे सरोवर वर्षभर सरोवर नसते. शरदात पाऊस लागला की जमिनीखालून पाणी वर येते, आवाज न करता. आधी गवताची मुळे ओली होतात, मग बूट, मग सगळे. उन्हाळ्यात तेच पाणी भोकांतून खाली उतरते आणि तळाचे कुरण होते. म्हणून आमच्या छपरीत होडी आणि लांब दांड्याचा विळा शेजारी शेजारी टांगलेले असतात. ऑगस्टात शहरातले पाहुणे कमरेएवढ्या गवतात उभे राहून मला विचारतात, "बाई, ते प्रसिद्ध सरोवर कुठं आहे?" मी सांगते, "तुम्ही त्यातच उभे आहात, बुडू नका." त्यांना हा विनोद वाटतो.

त्या दगडावर उभी राहून मी बराच शहाणपणा गोळा केला असा गावाचा समज आहे. तसे काही नाही. पाय गार पडायचे. मात्र सरोवर गेले म्हणजे संपले नाही, खाली आहे, एवढे मला कळले. येर्नेय गेल्यावर त्याचा थोडा उपयोग झाला. फार नाही.

यातल्या एका हिवाळी फोटोचे शहरातल्या अल्बिनसाहेबांनी कॅलेंडर छापले. जानेवारीचे पान. बर्फ, धुके, पलीकडच्या तीरावर चर्चचा मनोरा, सगळे जागच्या जागी. फक्त बर्फातून वर आलेला ओकाचा खुंट नाही. मी फोन केला.

"साहेब, माझा खुंट कुठं गेला?"

"अहो बाई, तो काळा दांडका डोळ्यात खुपत होता. पुसून टाकला. एका मिनिटाचं काम!"

एका मिनिटाचे काम! ज्या दांडक्यापायी माझ्या माहेराशी माझा इतकी वर्षे अबोला आहे, तो या गृहस्थाने चहा पिता पिता पुसला. अल्बिनसाहेबांना या मृत्युपत्राखाली काहीही मिळणार नाही. पण पुसणारे त्यांचे ते बोट मला उसने हवे होते, हे खरे.

कलम ६. कुरण आणि खुंट. वडील वारले तेव्हा सरोवराच्या तळाशी असलेले कुरण पोल्देला आणि मला निम्मे निम्मे आले, आणि मधोमध हा पुरुषभर उंचीचा खुंट ठोकला गेला. दगडावरून बघितले तर तो बरोबर चर्चच्या मनोऱ्याखाली दिसे. डावीकडचे पोल्देचे, उजवीकडचे माझे. पहिल्या फोटोत तसेच आहे.

दर वर्षी पाणी चढते, उतरते, आणि दर वर्षी तो खुंट मनोऱ्याखालून थोडा उजवीकडे, म्हणजे माझ्या अंगावर, सरकायचा. पोल्दे म्हणायचा, "पाण्यानं सरकला, ताई. बर्फ ढकलतो." मोठे हुशार पाणी! बावीस वर्षांत त्याला एकदाही डावीकडे ढकलावेसे वाटले नाही. लोक म्हणत, झोरा निसर्गाचे फोटो काढते. काढत होतेच. निसर्गात माझा भाऊही येतो.

मी गप्प बसले असते. पण येर्नेयला पुरून आल्यावर, त्याच्या नावाचे जेवण चालू असताना, पोल्देने पोटित्साचा, आमच्या अक्रोडाच्या गोड पावाचा, तुकडा तोंडात ठेवून मला विचारले, "ताई, आता एवढं गवत कोण कापणार? तुझा तुकडा मलाच देऊन टाक की."

"मागतोस कशाला? खुंटाला पाय फुटलेत, चालत चालत येऊन घेईलच तो," मी म्हटले. "अकरा पावलं चोरलीस, बारावं माझ्या नवऱ्याला पुरल्या दिवशी तरी टाकू नकोस!"

तिथे पाद्री होते, सगळा गाव होता. पोल्दे उठला, टोपी घेतली, गेला. तेव्हापासून एकोणीस वर्षे आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. घरे दोन कुंपणांच्या अंतरावर. निरोप तिल्का नेते. तिच्या लहानपणापासून ती एवढे चालली आहे की टपाल खात्याने तिला निवृत्तिवेतन द्यावे.

तोवरचे सगळे फोटो मी ओळीने लावून एका पाकिटात घातले आणि वर "पुरावा" असे लिहिले. कोर्टात जायचे म्हणून. गेले नाही. पुढची एकोणीस वर्षे दगडावर जात राहिले, फोटो काढत राहिले आणि डब्यात टाकत राहिले. खुंटाकडे बघायचे कारण नव्हते. तो कुठे चालला आहे हे मला ठाऊक होते ना!

परवा मृत्युपत्रासाठी डबा उघडला. म्हटले, पुरावा पूर्ण करू, मेल्यावर तरी त्याची अब्रू नीट काढता येईल. फोटो जमिनीवर मांडले. भिंग घेतले.

खुंट परत चालला होता.

जेवणाच्या पुढच्याच वर्षापासून. उजवीकडून डावीकडे. दर वर्षी थोडा. आठ-नऊ वर्षांपूर्वी तो मनोऱ्याखाली पोचला. मी म्हटले, आता थांबेल. थांबला नाही. यंदाच्या फोटोत तो मनोऱ्याच्या पार डावीकडे, पोल्देच्या गवतात आहे. म्हणजे घेतलेले सगळे परत करून हा बाबा स्वतःची जमीन मला देत सुटला आहे. आधी मनाशी म्हटले, पाण्याला पश्चात्ताप झाला असेल. बर्फ हल्ली धार्मिक झाला असेल.

मग २०१९च्या शरदातला फोटो हाती आला. मागे माझ्याच अक्षरात लिहिले आहे, "चिखल, उरलेली डबकी, बगळा." भिंगाखाली बगळ्याच्या डोक्यावर कानपट्ट्यांची टोपी दिसली. हातात खुंट ठोकायची मोगरी. खुंटापाशी गुडघाभर चिखलात वाकून उभा. बहात्तर वर्षांचा म्हातारा, एकटा.

मी सदतीस वर्षे लोकांचे चेहरे ओळखून पोट भरले आणि सख्ख्या भावाला बगळा समजून डब्यात टाकले. इथे मला रडू आले. मृत्युपत्रात हे लिहावे लागत नाही, पण लिहिते.

सबब, कुरणाचा माझा हिस्सा, मग खुंट कुठेही असो, मी पोल्दे शेगा यास देत आहे. "पुरावा" लिहिलेले पाकीट चुलीत घालावे. बगळ्याचा फोटो काचेत बसवून पोल्देला द्यावा. अट एकच: तो मिळाल्यावर त्याने माझ्या थडग्यापाशी येऊन एक शब्द बोलावा. शिवी चालेल. मी स्वतः जाऊन बोलावे, असे कोणी सुचवील. त्याला माझे उत्तर असे, की मी थोरली आहे, आणि माझ्या जिभेला एकोणीस वर्षांचा गंज चढला आहे.

कलम ७. या हिवाळ्याचा, एकशे पासष्टावा, फोटो निघणार नाही. दगडापर्यंत आता माझ्याने चालवत नाही. कोणी हळहळू नये. सरोवराला माझी गैरहजेरी कळणारही नाही.

हे कागद पाकिटात घालून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आहेत. साक्षीदार सोयीने येतील तेव्हा सह्या होतील. पाकीट चिकटवायला डिंक सापडला नाही.

५ डिसेंबर २०२५.

पुरवणी, त्याच हाताने, सह्यांपूर्वी.

आज क्वात्र्यांचा शनिवार. तिल्काने हे सगळे वाचले, हे सांगायला नकोच. कलम एकबद्दल तिला विचारले तर म्हणते, "आत्या, मी फरशी पुसत होते."

"टेबलावर फरशी कधीपासून आली गं?"

"मग पाकीट चिकटवायचं होतंस ना!"

तिच्यामागे दारात पोल्दे उभा होता. टोपी हातात. केस सगळे गेलेत.  आधी तोच बोलला.

"ताई, अकरा नाही. चौदा."

"काय?"

"पावलं. चौदा घेतली होती. तू लिहिलंयस अकरा. मृत्युपत्रात खोटं नको."

"आणि परत किती केलीस?"

"ते नाही मोजलं."

"अरे, मनोऱ्याशी थांबायचं होतंस. तुझं-माझं तिथंच मिटत होतं."

तो टोपी चुरगळत राहिला. मग म्हणाला, "तू काही बोलेचनास. मला वाटलं अजून कमी पडतंय."

मी त्याला सांगितले की मी अजून दहा वर्षे तोंड मिटून जगले असते तर त्याचे अख्खे कुरण आणि गोठा माझा झाला असता, आणि डॉक्टरीणबाईंमुळे माझे फार नुकसान होत आहे. तो हसला. मग आम्ही दोघे जे काही करत होतो त्याला हसणे म्हणत नाहीत. तिल्का उगाचच बाहेर जाऊन लाकडे मोजू लागली.

दुपारी त्याने मला गोधडीत गुंडाळून गवत वाहायच्या घसरगाडीवर घातले आणि बाप-लेकीने दगडापर्यंत ओढत नेले. मग तो बर्फावरून चालत गेला आणि खुंट हलवून हलवून उपटला. अर्धा तास लागला. वरून मी ओरडत होते, "जपून रे, बर्फ पातळ आहे!" तो खालून ओरडत होता, "तू फोटो बघ!" पोल्दे खुंट घेऊन वर आल्यावर एकशे पासष्टावा फोटो काढला. त्यात खुंट नाही. अल्बिनसाहेबांना हवा असल्यास विनामूल्य द्यावा. त्यांचे एक मिनिट वाचेल.

सबब कलम सहामधली थडग्याची अट रद्द. अकराच्या जागी चौदा वाचावे. कलम सात चुकीचे ठरले. बाकी मजकूर कायम.

पोल्देला वारसा मिळत असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. तो चुलीपाशी बसून आहे आणि सूपमध्ये मीठ कमी आहे असे म्हणतो आहे. खुंट चुलीत घातला आहे. तो एक्केचाळीस वर्षे पाण्यात मुरलेला असल्याने धूर फार झाला. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांत सह्या करताना पाणी होते; ते धुरामुळे होते असे त्यांनी शपथेवर सांगितले.

सही: झोरा उर्बास

साक्षीदार: १. फेर्दो ओब्रेझा, मधमाशीपालक, शेजारी
२. मित्स्का तुर्शिच, बेकरीवाली

स्थळ: पोडस्काला, स्वयंपाकघर, खिडक्या उघड्या
दिनांक: २० डिसेंबर २०२५