रिटर्न पाइपावरच्या गाठी

३ नोव्हें., सोमवार
मेंढरंवाला मारुती त्याची पिकअप घेऊन आला. त्याचा थोरला भाऊ भिवाजी महिन्यापूर्वी याच गाडीत गेला. येलदरीच्या रस्त्याला, वळणाच्या अलीकडे. गाडी नीट बाजूला घेतलेली, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, आणि माणूस संपलेला. आता मारुती चालवतो.
"मिस्तरी, भर येगात गचकन बंद पडायलीय. मागं मेंढरं, पुढून ट्रक. मरता मरता वाचलो."
कुठे पडते? तर म्हणे, तिथंच.
म्हटलं, जागेचं मला सांगू नको, डिझेलचं सांग.

४ नोव्हें.
स्कॅनर लावला. डिझेलचं प्रेशर पाहिजे त्याहून कितीतरी वर. फार चढलं की कॉम्प्युटर स्वतःच इंजिन बंद करतो, म्हणून गचकन. भुताटकी खल्लास.
मग इंजिन बंद केलं, नुसती किल्ली चालू. आकडा शून्यावर यायला पाहिजे. येईना. सेन्सर गेला असणार. दुसरं काय असणार?

५ नोव्हें.
परभणीहून सेन्सर आणून बसवला. बंद गाडीचा आकडा शून्य. जिवाला बरं वाटलं. चालू केली, पुन्हा वर. पंपावरचा व्हॉल्व्ह बदलला, तेच. म्हणजे प्रेशर खरंच चढतंय.
दुपारी समोरून कुणाचा तरी कळप गेला. या गाडीपाशी येऊन सगळी मेंढरं थांबली. हाकलल्याशिवाय हलेनात. ओळखीचा वास येत असेल.

६ नोव्हें.
सापडलं! उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रबरी पाइप. गाडीच्या पोटाखाली त्याला काळ्या लोकरीचा दोरा, भंडाऱ्यात बुडवलेला, असा आवळलेला की पाइप पार चपटा. डिझेलला परतीची वाटच नाही, प्रेशर चढणारच. दोरा कापला, नवा पाइप टाकला. आकडा गुमान जागेवर.
मारुतीपुढे दोरा धरला. त्याचं तोंडच उतरलं. "वैनीनं कातलेला हाय."
असा संताप आला. दोऱ्यापायी दीर गेला असता.

८ नोव्हें.
भिवाजीची बायको गयाबाई आल्या. चार शब्द सुनावणार होतो, तोंड बघून गिळले.
"आमच्यात मेलेल्याच्या काठीला दोरा बांधत्यात. मानूस कळपासंगं ऱ्हातो. ह्यांची काठी चितेवर गेली, मंग गाडीला बांधला. मारुतीनं हसू नये म्हनून खाली."
म्हटलं, बांधा की, पण एवढा करकचून? आणि तीन तीन गाठी?
त्या म्हणाल्या, "एकच मारली व्हती, मिस्तरी. सैल. त्यांचा जीव गुदमरू नये म्हनून."
दोरा टेबलावरच होता. दोघांपैकी कुणी हात लावला नाही.
नंतर मारुतीला विचारलं. मेंढरांची शप्पथ घेतो. त्याला तर तो पाइप कुठे असतो हेही माहीत नव्हतं.

९ नोव्हें., रवि.
ट्रायल. मुद्दाम येलदरीच्या रस्त्यालाच, दिवसाढवळ्या, स्कॅनर शेजारच्या सीटवर. अख्खा रस्ता आकडा बरोबर. वळण आलं म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. पाय काढला की प्रेशर उतरतं. इथे उलट चढायला लागलं.
गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच. मग ध्यानात आलं, अगदी भिवाजीसारखंच करून बसलोय.
घाबरलो. या वहीत लपवून काय करू? उतरून पाइप बघितला. मोकळा. दोरा नाही, काही नाही. परत सीटवर बसेपर्यंत आकडा जागेवर.
परत झरीला गॅरेजवर येईपर्यंत गाडी एकदाही चुकली नाही.

१० नोव्हें.
दिवसभर तपासतोय. वायरी, टाकी, पंप. दोष नाही. नसलेला दोष काढायचा तरी कसा?
संध्याकाळी मारुतीचा फोन. "हितं चारा न्हाई, मेंढरं उपाशी मरायलीत. उद्या येलदरीच्या अंगाला न्यावीच लागतील. वैनीबी येती, पुढं बसती म्हनतीय. गाडी झाली न्हवं?"
स्कॅनरच्या हिशोबाने झाली आहे. पण 'थांब, एकदा बघतो' म्हटलं.
मागून गयाबाईंचा आवाज आला. मारुती म्हणाला, "वैनी नवा दोरा कातायलीय. इचारायलीय, कुठं बांधू म्हंजे गाडीला त्रास व्हनार न्हाई?"
इतकी वर्षं हत्यारं हातात आहेत, हे कुणी विचारलं नव्हतं. मी हसलो नाही. सांगतो म्हणालो.
फोन ठेवून गाडीखाली शिरलो. पाइपापासून लांब, पक्की अशी एक जागा आहे. तिथे बांधा म्हणू, की गाडीच देऊ नये?