पृथ्वी विषुववृत्तावर कापू नये म्हणून

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
जुन्या वस्तू तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.

विषय : टेबलावरच्या जुन्या पृथ्वीगोलाची आज दुपारी ठरलेली कापणी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, "आकाशात छर्रे आढळल्याबाबत".
२) आपल्या कारकुनांचे उत्तर, "तोंडी काही चालत नाही, अर्ज द्या."

महोदय,

१. अर्जदार हा स्वतःच्या आत्याच्या हाताखाली जुने गोल दुरुस्त करण्याचे काम करतो. आपल्या ताब्यातली गोलांची जोडी आत्याच्या घरची आहे. एक गोल पृथ्वीचा, त्यावर देश आणि समुद्र. दुसरा आकाशाचा, त्यावर तारे आणि ताऱ्यांची चित्रे. पृथ्वी आत्याच्या पणजोबांनी केली, आकाश पणजीने. दोघांचे जन्मात पटले नाही असे घरात सांगतात, पण गोल मात्र एका मापाचे उतरले. आत्याची नजर आता अधू झाल्याने ती दुकान बंद करत असून ही जोडी वाचनालयाला देणार आहे. मोडकी वस्तू द्यायची नाही, असे तिने स्वतःलाच बजावले आहे. जोडी जुनी असल्याचा आपला दाखला वाचनालयाने मागितला, म्हणून ती आपल्याकडे आली. एवढाच तिचा गुन्हा.

२. आपल्या कार्यालयात येताच पहिल्या दिवशी पृथ्वीबाबत "कललेली आढळली, सरळ करण्यात आली" असा शेरा मारण्यात आला. आपल्या सुताराने तिला धरणारे पितळी कडे उभे करून त्याला खिळा ठोकला. पृथ्वी कललेलीच असते, हे अर्जदाराने कारकुनांना नम्रपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात चालत नाही." आता ऋतू कोठून यायचे, याचा खुलासा आपल्या शेऱ्यात नाही. तेवढे अर्जदाराने चालवून घेतले. खिळा काढता येतो.

३. यानंतर कारकुनांनी आकाश उचलून कानाशी नेले व हलवले. आतून खडखड आवाज आला. येथे कृपया नीट लक्ष द्यावे, कारण पुढचा सगळा घोळ या आवाजातून झाला आहे. असा गोल कागदाच्या लगद्याचा असून त्यावर प्लास्टरचा थर असतो. हाताने केलेली वस्तू, एक बाजू जड होतेच. मग गोल फिरवून सोडला की जड बाजू दर वेळी खाली येऊन थांबते. तसे होऊ नये म्हणून हलक्या बाजूला आतून शिशाच्या छर्ऱ्यांची कापडी पुरचुंडी सरसाने चिकटवतात. शंभर वर्षांनी सरस सुटतो, कापड विरते, आणि छर्रे आत हिंडू लागतात. हे सगळे अर्जदाराने त्याच वेळी, त्याच टेबलासमोर उभे राहून सांगितले. कारकून म्हणाले, "म्हणजे आत छर्रे आहेत हे तुम्हाला माहीत होतं तर!" आणि त्यांनी सुताराला हाक मारली.

४. आकाश मधोमध कापण्यात आले. करवत ज्या रेषेवरून गेली तिच्यावर शिकाऱ्याचे चित्र होते. तो बरोबर कमरेत कापला गेला. गरुडाचा पंख गेला. आत शिसे सापडले. ते आपण पिनांच्या डबीत भरून, डबीला लाख लावून, "दारूगोळा" अशी चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवले आहे. त्या दारूगोळ्याने गेल्या शंभर वर्षांत एक चिमणीसुद्धा दचकलेली नाही.

५. त्यानंतर आकाश चिकटपट्टीने पुन्हा जोडण्यात आले. जोडताना वरचा अर्धा भाग थोडा फिरला. त्यामुळे शिकाऱ्याच्या धडाखाली सध्या देवमासा आहे. याकडे लक्ष वेधले असता कारकून म्हणाले, "तारे कमी झालेत का? नाही ना? मग?" शिवाय आतले शिसे आपल्या कपाटात असल्याने आकाश आता कसेही फिरवा, दर वेळी त्यातले अस्वल तोंडावर आपटते. आत्याने त्यावरून एकदा हात फिरवला, चिकटपट्टीपाशी बोटे थांबली, आणि ती एवढेच म्हणाली, "कापणाऱ्याला निदान रेष तरी सरळ मारता यायला हवी होती."

६. आता पृथ्वीची पाळी आली आहे. तीही खडखडते. आपल्या पत्रात म्हटले आहे की, "आकाशात आढळल्याने पृथ्वीतही असण्याची दाट शक्यता असून विषुववृत्तावर कापून खातरजमा करण्यात येईल." महोदय, शक्यता कसली? आहेतच. पृथ्वीत शिशाचे छर्रे आहेत, असे अर्जदार येथे लेखी कबूल करतो. हेच काल आपल्यासमोर बोलून दाखवले, तेव्हा आपण म्हणालात, "कबूल केल्यावर तर उघडावीच लागेल." मग छर्रे नाहीत असे म्हटले तर? "तर मग खात्री करावी लागेल." अर्जदाराने खरे बोलावे तर पृथ्वी कापली जाते, खोटे बोलावे तरी कापली जाते, आणि गप्प बसावे तर "अर्जदाराचे काही म्हणणे नाही" असा शेरा पडून कापली जाते. एवढी पक्की व्यवस्था आपल्या कार्यालयाने जिन्याच्या कठड्यासाठी केली असती तर तो हातात आला नसता.

७. अर्जदाराने इतर उपायही करून पाहिले आहेत. कार्यालयासमोरच्या दातांच्या डॉक्टरांना विनंती केली. ते भले गृहस्थ एक्स-रेच्या यंत्रातून पृथ्वीच्या आतला फोटो काढायला तयार झाले, फक्त तिला थोडा वेळ आ करून ठेवा म्हणाले. पृथ्वी कार्यालयाबाहेर नेण्यास आपली परवानगी नाही आणि डॉक्टरांचे यंत्र भिंतीत पक्के बसवलेले आहे. म्हणून तेही राहिले. खडखडणे हाच जर पुरावा असेल, तर आपल्या डोक्यावरचा पंखा गेले कित्येक दिवस खडखडतो आहे. तो अद्याप कापलेला दिसत नाही. पंख्याला एक न्याय आणि पृथ्वीला दुसरा, हे कोणत्या नियमात बसते ते कळवावे.

८. सदर अर्ज आपल्याच व्हरांड्यातल्या बाकावर बसून, गुडघ्यावर कागद धरून लिहिला आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते बाकामुळे नाही, संतापामुळे.

तरी अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) पृथ्वी कापू नये. विषुववृत्तावर नाही, कर्कवृत्तावर नाही, "जरासं भोक पाडून बघू" हेही नाही.

(ब) पृथ्वीच्या कड्यातला खिळा काढावा. आपल्याला जमत नसल्यास अर्जदार काढेल.

(क) डबीतले शिसे परत द्यावे. आत्याला आकाश पुन्हा उघडून, शिकाऱ्याला त्याचे पाय देऊन, तोल नव्याने साधायचा आहे. डोळ्यांनी दिसत नसले तरी तोल तिला हाताने कळतो. एक गोल आपण बिघडवलात, तो ती दुरुस्त करू शकेल. दोन्ही बिघडले तर तेवढे दिवस तिच्या हातात नाहीत. ती तसे म्हणत नाही, अर्जदार म्हणतो आहे.

९. शेवटी एक बाब आपल्या कानावर घालणे भाग आहे. आपले दार बंद असल्याने आपल्याला ती दिसली नसेल. सुतार करवत घेऊन आले तेव्हा आत्याने पृथ्वी लाकडी बैठकीतून कड्या-खिळ्यासकट उपसली आणि उचलून बाहेर आणली. कारकून ओरडले, "आजी, सरकारी ताब्यातली वस्तू आहे ती!" आत्या म्हणाली, "मग सरकारला सांग, माझ्याकडून ओढून घे." सुतारांना ती म्हणाली, "आधी मला काप." त्यावर सुतार म्हणाले, "मावशी, मला तसा लेखी आदेश नाही," आणि चहाला निघून गेले. तो आदेश आपण काढणार नाही, अशी अर्जदाराला आशा आहे. खात्री नाही.

आत्या या घटकेला आपल्या दाराला लागून, जमिनीवर, पृथ्वी मांडीत घेऊन बसली आहे. उठणार नाही म्हणते. निर्णय काहीही असो, तो सांगायला आपण स्वतः बाहेर यावे. मात्र दार हळू उघडावे. ते बाहेरच्या बाजूला उघडते.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
अर्जदार, भाचा व मदतनीस

दिनांक : आजचाच. कापणीआधी पोचावा.

सोबत : काही जोडलेले नाही. जोडण्यासारखे जे होते ते आपण कापले आहे.